ख्तोस, बुद-ख्तो, अबिख्तो: युक्रेनियनमधला ‘कुणीतरी’ नेमका कोणता?

तुमचा प्रश्न मला असा कळला. बायको युक्रेनची, सासूबाई पोल्तावाच्या, दर आठवड्याला व्हिडिओ कॉल आणि अधूनमधून भेट. वर्तमानकाळ-भूतकाळ जमलाय, विभक्त्या अडखळत का होईना पण येतात. अडतं ते ‘कुणीतरी’, ‘काहीतरी’, ‘कुणीही’ म्हणायची वेळ आली की. शब्दकोशात एकदम सहा-सात शब्द समोर येतात आणि अर्थ सगळ्यांचा जवळजवळ सारखाच दिलेला असतो. मागच्या भेटीत सासूबाईंनी ‘काय घेणार?’ असं विचारलं. तुम्हाला म्हणायचं होतं ‘काहीही चालेल’, तुम्ही म्हणालात ‘अबिश्चो’, आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्यांदा ‘कुणीही आलं नाही’ हे ‘बुद-ख्तो ने प्रिय्शोव’ असं सांगितलंत आणि बायकोला हसू आवरेना. आता तुम्हाला सगळ्या शब्दांचा एक तक्ता हवाय.

तक्ता दिला तरी तुमची अडचण सुटणार नाही, असं मला वाटतं. मी मराठी मुलांना आधी रशियन शिकवायचे, आता मुख्यतः युक्रेनियन शिकवते, आणि या धड्यावर अडणारे विद्यार्थी दोन प्रकारचे असतात. पहिले इंग्रजीतल्या ‘सम’ आणि ‘एनी’वरून हिशेब मांडणारे. दुसरे रशियन येत असल्यामुळे तिथली जोडी जशीच्या तशी इकडे आणणारे. मराठीवरून विचार करणारा क्वचितच भेटतो, आणि गंमत म्हणजे या धड्यात सगळ्यात कामाची मराठीच आहे. फक्त एका ठिकाणी ती दगा देते. त्या ठिकाणाबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमची दुसरी चूक तिथलीच आहे.

उच्चारांबद्दल आधी दोन शब्द. उदाहरणं मी देवनागरीत लिहितेय. ‘ख’ म्हणजे घशात घासून येणारा आवाज, आपला महाप्राण ख नव्हे. ‘झ’ बहुतेक ठिकाणी ‘झाड’मधल्या झसारखा, पण महाप्राण न करता. ‘मोझे’, ‘झोद्नोयी’ अशा काही शब्दांत तो ‘टेलिव्हिजन’मधल्या ज-सारखा असतो, ते बायकोकडून ऐकून घ्या. ‘ख्तोस’, ‘श्चोस’ यांतला शेवटचा स आणि ‘बुद’मधला द मऊ, जीभ टाळूला लावून. युक्रेनियन ‘ह’ मात्र आपला घोष ‘ह’च आहे, त्यासाठी काही करावं लागत नाही.

सुरुवात ‘-स’पासून करा. ‘कोण’ला युक्रेनियनमध्ये ‘ख्तो’, ‘काय’ला ‘श्चो’, ‘कसला, कोणता’ला ‘याकिय’. त्यांना मागे ‘स’ लावला की ‘ख्तोस’, ‘श्चोस’, ‘याकियस’ होतात. हा ‘स’ म्हणजे आपला ‘तरी’. हे मी नुसतं ढोबळपणे म्हणत नाही, दोघांचा वावर खरोखरच जवळपास सारखा आहे. ‘तोबी ख्तोस द्झ्वोनिव’ म्हणजे ‘तुला कुणीतरी फोन केला होता’. फोन करणारा माणूस ठरलेला आहे, फक्त तो कोण हे मला माहीत नाही. ‘कुपि श्चोस पोयीस्ति’ म्हणजे ‘खायला काहीतरी घेऊन ये’. इथे अजून काहीच ठरलेलं नाही, दुकानात जे मिळेल ते. मराठीत दोन्हीकडे ‘तरी’ चालतं, युक्रेनियनमध्ये दोन्हीकडे ‘-स’ चालतो. रशियन शिकलेला माणूस इथे गोंधळतो, कारण रशियनमध्ये या दोन वाक्यांना दोन वेगळे प्रत्यय लागतात आणि ते बऱ्यापैकी काटेकोरपणे पाळले जातात. खारकीव किंवा ओदेसाला एमबीबीएस करून आलेली आपल्याकडची जी मुलं नंतर युक्रेनियन शिकतात, ती याच कारणानं दर दुसऱ्या वाक्यात ‘-नेबुद’ घालतात. व्याकरणाची चूक होते असं नाही, पण बोलणं रशियनवरून उतरवल्यासारखं वाटतं.

मग ‘-नेबुद’ कुठे? जिथे ‘कुणीतरी, कुणी का असेना’ अशी छटा हवी तिथे. ‘दाय श्चो-नेबुद’ म्हणजे ‘काहीतरी दे, काय द्यायचं ते तू ठरव’. ‘ख्तो-नेबुद झ्नाये?’ म्हणजे ‘कुणाला माहितीये का?’ प्रश्न, आज्ञा, इच्छा, भविष्य इथे ते बसतं. घडून गेलेल्या गोष्टीच्या साध्या विधानात बसत नाही. ‘काल कुणीतरी आलं होतं’ यासाठी ‘ख्तो-नेबुद’ वापरलंत तर ऐकणारा तुम्ही प्रश्न विचारताय असं समजून थांबेल. मराठीतही ‘काल कुणी आलं होतं’ एवढंच म्हटलं की समोरचा ‘का?’ची वाट बघतोच की. सुरुवातीचे काही महिने ‘-नेबुद’ ओळखता आलं तरी पुरे, स्वतः वापरायची गरज नाही. जिथे ते चालतं तिथे बहुतेक वेळा ‘-स’ही चालतोच.

आता मराठी दगा देते ती जागा. आपण म्हणतो ‘कुणालाही विचार’ आणि आपणच म्हणतो ‘कुणालाही विचारू नको’. ‘ही’ दोन्हीकडे तोच. इंग्रजीतल्या ‘एनी’चंही तसंच, म्हणून इंग्रजी पुस्तकातून शिकलं तर हा गैरसमज आणखी पक्का होतो. युक्रेनियनमध्ये ही दोन अगदी वेगळी घरं आहेत. होकारार्थी वाक्यातला ‘कुणीही’ म्हणजे ‘बुद-ख्तो’. नकारार्थी वाक्यातला ‘कुणीही’ म्हणजे ‘नीख्तो’, आणि त्याच्या जोडीला क्रियापदाआधी ‘ने’ आलाच पाहिजे. म्हणून ‘कुणीही आलं नाही’ म्हणजे ‘नीख्तो ने प्रिय्शोव’. दोन नकार एकमेकांना खोडत नाहीत, दोन्ही मिळून एकच नकार होतो. जितके शब्द अनिश्चित, तितके सगळे ‘नी-’चं रूप घेतात: ‘नीख्तो नीकोमु नीचोहो ने स्काझाव’. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मराठीत आपण साधे ‘कुणी, कुणाला, काही’ ठेवून शेवटी एक ‘नाही’ लावतो, तिथे ते प्रत्येक शब्दाला नकाराचा शिक्का मारतात.

हे नीट मुरावं म्हणून मी वर्गात एकच क्रियापद घेते, ‘विचारणे’, आणि वाक्य उलटंपालटं करायला लावते. तुम्हीही करून बघा.

‘झापिताय कोहोस’: कुणालातरी विचार.
‘झापिताय बुद-कोहो’: कुणालाही विचार, सगळ्यांना माहीत आहे.
‘ने पिताय नीकोहो’: कुणालाही विचारू नको, म्हणजे अजिबात विचारू नको.
‘ने पिताय अबिकोहो’: कुणालाही विचारू नको, म्हणजे वाटेल त्याला विचारू नको, जाणकाराला विचार.

शेवटची दोन मराठी वाक्यं लिहिताना तीच दिसतात. बोलताना आपण आवाजानं फरक करतो, ‘कुणालाही’वर जोर दिला की अर्थ बदलतो. युक्रेनियनमध्ये हा फरक शब्दातच असतो. तुमचं ‘बुद-ख्तो ने प्रिय्शोव’ बायकोला विनोदी का वाटलं, ते आता लक्षात येईल. तिला ते ‘आला तो काही कुणीही सोम्यागोम्या नव्हता’ अशा दिशेनं जाणारं वाक्य वाटलं असणार, आणि तुम्ही तर हॉल रिकामा होता असं सांगत होतात.

नकाराच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, तो पुस्तकं शेवटच्या पानांवर ढकलतात. ‘नी-’ हवा की नको हे ठरवताना ‘ने’ त्याच उपवाक्यात आहे का, ते बघायचं. ‘कुणाला कळावं असं मला वाटत नाही’ हे ‘या ने खोचु, श्चोब ख्तोस झ्नाव’ असं होतं. नकार ‘खोचु’पाशी, म्हणजे मुख्य वाक्यात आहे, ‘कळणं’ पुढच्या उपवाक्यात आहे, म्हणून तिथे ‘ख्तोस’. पण ‘कुणाला कळू नये असं मला वाटतं’ असं फिरवलं की ‘नीख्तो ने झ्नाव’. ‘क्वचितच कुणी येईल’ यातही अर्थानं नकार आहे पण ‘ने’ नाही, म्हणून ‘नाव्र्याद चि ख्तोस प्रिय्दे’. आणि ‘शिवाय’, म्हणजे ‘बेझ’, याच्यामागे? ‘कुठल्याही कारणाशिवाय’ म्हणताना मराठी माणूस हमखास ‘बुद-याकिय’कडे वळतो. चांगल्या युक्रेनियनमध्ये ‘बेझ झोद्नोयी प्रिचिनि’ म्हणतात, म्हणजे ‘एकाही कारणाशिवाय’. ‘बुद-’वालं रूप छापलेल्या मजकुरातही सापडेल, पण भाषेबद्दल काटेकोर असलेला संपादक ते खोडतो.

‘बुद-’बद्दलची इंग्रजीची दुसरी लागण म्हणजे ‘काही प्रश्न आहेत का?’ ऑनलाइन मीटिंगच्या शेवटी ‘बुद-याकी पितान्न्या?’ असं विचारणारे मी बरेच ऐकलेत. ऐकणाऱ्याला कळतं, पण भाषांतराचा वास येतो. ‘ये पितान्न्या?’ पुरतं. फारच नम्र व्हायचं असेल तर ‘चि ये उ वास याकीस पितान्न्या?’ म्हणा. ‘बुद-’ला ‘कुठलाही एक उचल, सगळे सारखेच’ या अर्थापुरतंच ठेवा: ‘प्रिखोद उ बुद-याकिय चास’, कधीही ये. ‘त्से झ्नाये बुद-ख्तो’, हे कुणालाही माहीत असतं. ‘क्राश्चे झा बुद-कोहो’, कुणाहीपेक्षा चांगलं. या तिन्ही ठिकाणी आपला ‘ही’ बिनधोक चालतो.

इथपर्यंतचं एका दमात: ‘तरी’ दिसला की ‘-स’. ‘ही’ दिसला की आधी त्याच उपवाक्यात ‘नाही’ किंवा ‘नको’ आहे का ते बघा. असेल तर ‘नी-’ आणि ‘ने’, नसेल तर ‘बुद-’. रोजच्या बोलण्याचं बहुतेक काम एवढ्यात होतं. भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाट यांनी १९९७ मध्ये जगभरच्या भाषांतल्या अशा सर्वनामांचा एक नकाशा मांडला. त्यात नऊ उपयोग एकमेकांशेजारी ठेवले आहेत: बोलणाऱ्याला ठाऊक असलेली वस्तू, ठाऊक नसलेली वस्तू, प्रश्न, अट, तुलना, नकार वगैरे. प्रत्येक भाषा या नकाशावर आपली कुंपणं वेगळ्या ठिकाणी घालते. मराठी आणि युक्रेनियनची कुंपणं ‘तरी’च्या बाजूला जुळतात, ‘ही’च्या बाजूला जुळत नाहीत, एवढंच तुम्हाला या सगळ्यातून न्यायचंय.

आता उरलेले शब्द. यांना मी नियम म्हणून शिकवत नाही, स्वभाव म्हणून शिकवते.

‘दे-’ हा सगळ्यात रंजक. ‘या खोचु तोबी देश्चो स्काझाति’ म्हणजे ‘तुला एक सांगायचंय’. काय सांगायचंय ते मला पक्कं माहीत आहे, तुला अजून नाही. मराठीत आपण यासाठी ‘काहीतरी’ म्हणतोच असं नाही, ‘एक’ किंवा ‘जरा’ वापरतो: ‘तुझ्याशी जरा बोलायचं होतं.’ हे वाक्य ऐकल्यावर पोटात जो गोळा येतो तोच ‘देश्चो’ ऐकल्यावर युक्रेनियन माणसाच्या पोटात येतो. ‘देख्तो’ म्हणजे ‘काही जण’, आणि टोमणा मारायला याच्यासारखा शब्द नाही. ‘देख्तो झ्नोवु झापीझ्निव्स्या’, म्हणजे ‘काही जण आजही उशिराच आले’, हे नजर तुमच्याकडे ठेवून म्हटलं जातं. अर्थ अनेकवचनाचा असला तरी क्रियापद एकवचनी पुल्लिंगीच राहतं, हे विसरू नका. अनेकवचन हवं असेल तर ‘देयाकी’ घ्या: ‘देयाकी प्रिय्श्लि’, काही जण आले. शिवाय ‘देश्चो’ विशेषणाआधी आला की त्याचा अर्थ ‘काहीसं’: ‘देश्चो क्राश्चे’, आधीपेक्षा थोडं बरं. आजारी माणसाच्या चौकशीला हे उत्तर फार ऐकू येतं.

‘अबि-’ म्हणजे तुमच्या त्या जेवणाच्या टेबलावरचा शब्द. यात बेफिकिरी आहे, कधी तुच्छताही. ‘अबिश्चो’ म्हणजे ‘काय असेल ते, कसलंही’. ज्या बाईनं सकाळपासून स्वयंपाकघरात उभं राहून वारेनिकी केलेत तिला पाहुणा असं म्हणाला, तर तिला काय वाटेल? तुमच्या जागी मी ‘ते, श्चो य वि’ म्हटलं असतं, ‘तुम्ही घ्याल तेच’. ‘श्चो झावहोद्नो’ किंवा ‘बुद-श्चो’ व्याकरणात बसतात, पण यजमानीणबाईंसमोर तेही कोरडेच. जाता जाता, सासूबाईंशी ‘ति’ नव्हे, ‘वि’. बऱ्याच युक्रेनियन घरांत स्वतःच्या आईवडिलांनाही आदरार्थीच बोलतात. आणि हाक मारताना ‘मामा’ नाही, ‘मामो’. युक्रेनियनला आपल्यासारखी संबोधन विभक्ती आहे आणि ती रोजच्या वापरातली आहे.

‘अबि-’ला नकार लागला की मात्र तोच शब्द कौतुकाचा होतो. ‘वीन ने अबिख्तो’, तो काही ऐरागैरा नव्हे. ‘नेअबियाकिय तालान्त’, साधीसुधी नव्हे अशी प्रतिभा. नुसतं ‘अबियाक’ मात्र पुन्हा शिवी: ‘झ्रोबिव अबियाक’, कसंतरी उरकून टाकलं. इथे जपून राहा, कारण मराठी ‘कसंतरी’ला ‘याकोस’ही येतो आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. ‘याकोस झ्रोबिव’ म्हणजे अडचणी होत्या, पण जमवलं. पहिल्यात काम करणाऱ्याचा आळस आहे, दुसऱ्यात त्याची खटपट. मिस्त्रीसमोर या दोघांची अदलाबदल करू नका. ‘याकोस बुदे’ हे वाक्य तर युक्रेनियन माणसाच्या तोंडी कायम असतं, ‘होईल काहीतरी, निघेल मार्ग’. कधी धीर द्यायला, कधी स्वतःचा निष्काळजीपणा झाकायला. आपल्याकडच्या ‘बघू, होईल’सारखंच, दोन्ही कामं करतं.

‘काझ्ना-ख्तो’, ‘ख्तोझ्ना-श्चो’, ‘बोझ्ना-श्चो’ या मंडळींबद्दल फार सांगायची गरज नाही, मराठी माणसाला ती आपोआप कळतात. ‘ख्तोझ्ना’ म्हणजे ‘कोण जाणे’, ‘बोझ्ना’ म्हणजे ‘देव जाणे’. ‘काझ्ना-श्चो!’ एकटंच उद्गारलं की ‘हे काय भलतंच!’ वापरताना माणसाचा मूड बघून वापरा, एवढंच.

प्रत्ययांच्या या गर्दीत एक गोष्ट लपून राहते, ती म्हणजे काही वेळा प्रत्यय लागतच नाही. ‘याक्श्चो ख्तो पितातिमे, मेने नेमा’: कुणी विचारलं तर मी घरी नाही. इथे नुसतं ‘ख्तो’. अटीच्या वाक्यात साधं प्रश्नार्थक सर्वनामच अनिश्चित होतं. तिथे ‘ख्तोस’ही चालतं, पण नुसतं ‘ख्तो’ जास्त घरगुती वाटतं. आपणही अशा वाक्यात ‘कुणीतरी’ न म्हणता नुसतं ‘कुणी’ म्हणतो, त्यामुळे कान लगेच सरावतो.

‘श्चोस’चा एक उपयोग असा आहे की तो कळला नाही तर रोज ऐकूनही वाक्य निसटतं. ‘श्चोस मेनी खोलोद्नो.’ यात ‘काहीतरी’ कुठेच नाही. अर्थ ‘का कुणास ठाऊक, मला थंडी वाजतेय’. ‘श्चोस वीन ने द्झ्वोनित’, ‘का कोण जाणे, त्याचा फोन नाही’. इथे ‘ने’ असूनही ‘नीचोहो’ येत नाही, कारण ‘श्चोस’ हे कर्म नसून क्रियाविशेषण झालंय. वर सांगितलेल्या नियमावर विद्यार्थी बोट ठेवतात ते याच वाक्यावरून, म्हणून आधीच सांगून ठेवते. तसंच ‘याकिखोस देस्यात ख्विलिन’ म्हणजे ‘कुठलीतरी दहा मिनिटं’ नव्हे, ‘जेमतेम दहा मिनिटं’. ‘देस ओ प्यातीय’ म्हणजे ‘पाचच्या सुमारास’, जरी ‘देस’चा मूळ अर्थ ‘कुठेतरी’ असला तरी. ‘कोलिस’ पुढे बघतं तसं मागेही बघतं: ‘कोलिस पोयीदेमो’, कधीतरी जाऊ, ‘कोलिस तुत बुव लीस’, कधीकाळी इथे रान होतं.

लिंगाची एक खास मराठी चूक. आपण ‘कुणीतरी आलं’ म्हणतो, नपुंसकलिंगी. त्यामुळे ‘ख्तोस’बरोबरही नपुंसकलिंगी क्रियापद तोंडातून निघून जातं. युक्रेनियनमध्ये ‘ख्तोस प्रिय्शोव’, कायम पुल्लिंगी, दारात बाई उभी असली तरी. ‘श्चोस’ मात्र नपुंसकलिंगीच, ‘श्चोस व्पालो’, काहीतरी पडलं. तिथे मराठीवर विसंबा.

विभक्ती लावताना घाबरू नका. ‘कुणालातरी’ या शब्दात आधी ‘ला’ येतो आणि मग ‘तरी’. ‘कोमुस’मध्येही आधी विभक्ती, ‘कोमु’, आणि शेवटी ‘स’. म्हणजे ‘ख्तो’ आणि ‘श्चो’ चालवता येत असतील तर नवीन काही पाठ करायचं नाही. तृतीयेसारख्या रूपात ‘किम्स’ आणि ‘किमोस’ असे दोन पर्याय दिसतील, दोन्ही बरोबर. ‘चोमुस’ हे ‘कशालातरी’ही असतं आणि ‘का कोण जाणे’ही, संदर्भावरून कळतं.

शब्दयोगी अव्ययांची जागा मात्र लक्षात ठेवावी लागते, कारण ती आपल्याकडे नंतर येतात आणि त्यांच्याकडे आधी. मागे प्रत्यय असलेल्या शब्दांत काही अडचण नाही: ‘झ किमोस’, कुणाबरोबरतरी. पुढे जोडलेल्या शब्दांत अव्यय मध्ये घुसतं आणि शब्द फुटतो: ‘नी झ किम’, कुणाबरोबरही नाही, ‘दे झ किम’, काही जणांबरोबर, ‘अबि झ किम’, वाटेल त्याच्याबरोबर. लिहिताना तिन्ही तुकडे सुटे लिहायचे. ‘बुद-’ला दोन्ही चालतं, ‘झ बुद-किम’ किंवा ‘बुद झ किम’, आणि रोजच्या वापरात पहिलं भरपूर दिसतं. ‘देयाकिय’ सहसा फुटत नाही. अव्यय मध्ये नसेल तर लेखनाचा नियम सोपा: ‘बुद-’, ‘-नेबुद’, ‘काझ्ना-’, ‘ख्तोझ्ना-’, ‘बोझ्ना-’ यांना जोडरेघ, ‘दे-’, ‘अबि-’, ‘नी-’, ‘-स’ यांना नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पोल्तावाकडच्या बोलीवर प्रमाण युक्रेनियन उभी राहिली, त्यामुळे सासूबाईंच्या बोलण्यावर तुम्ही निर्धास्त कान ठेवू शकता. पण तिथेही रोजच्या बोलण्यात रशियन मिसळलेली असते. ‘ख्तो-तो’, ‘शो-तो’ अशी रूपं शेजारीपाजारी कानावर येतील. ती समजून घ्या, लिहू नका. ‘श्चो’ऐवजी ‘शो’ आणि ‘श्चोस’ऐवजी ‘शोस’ तर सगळीकडेच, ती नुसती घरगुती रूपं आहेत. ‘-स’ की ‘-नेबुद’ यात दोन युक्रेनियन माणसं तुम्हाला दोन उत्तरं देतील आणि दोघंही बरोबर असतील. एकानं घरी युक्रेनियन बोललेली असेल, दुसऱ्यानं शाळेत. ‘नी-’बद्दल मात्र मतभेद होणार नाही. परीक्षा द्यायची असेल तर जोडरेघा आणि सुटे शब्द यांच्यावर जास्त वेळ घालवा. फक्त घरात बोलायचं असेल तर ते सोडून द्या आणि ‘दे-’, ‘अबि-’ यांच्या सुरावर लक्ष द्या.

सरावासाठी कार्डं करू नका. कार्डाच्या एका बाजूला ‘ख्तोस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कुणीतरी’ लिहिलं की पुन्हा शब्दकोशच हातात आला. त्यापेक्षा घरच्या चॅटमधले बायकोचे जुने मेसेज काढा आणि अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. मग प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे ‘-स’ काढून ‘बुद-’ घातला तर काय होईल? बऱ्याचदा वाक्य मोडेल, काही वेळा अर्थ बदलेल, एखाद्या वेळी काहीच होणार नाही. तिसऱ्या प्रकारची वाक्यं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवा आणि दोन्हींत तिला कोणतं जवळचं वाटतं ते विचारा. कारण विचारू नका, तिला सांगता येणार नाही, आपल्यालाही ‘एखादा’ आणि ‘कुठलातरी’ यांतला फरक चटकन सांगता येत नाही. अशी वाक्यं वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि महिन्याभरानं तीच वाक्यं तिला पुन्हा विचारा. काही ठिकाणी ती स्वतःचंच आधीचं उत्तर बदलेल. ती वाक्यं सोडून द्या, तिथे तुम्हीही काहीही म्हटलंत तरी चालतं.

एक शेवटची गोष्ट, कारण ती लेखनात दिसत नाही. ‘नीकोहो’मध्ये आघात ‘को’वर असेल तर ‘कुणालाही (नाही)’, पुढे ‘ने’ येणार. आघात पहिल्या ‘नी’वर असेल तर ‘विचारायला कुणी नाहीच’: ‘नीकोहो पिताति’, आणि तिथे ‘ने’ येत नाही. ‘नीचोहो’चंही तसंच. बोलताना ‘ने’ राहून गेला असं वाटलं, तर आधी आघात कुठे होता ते आठवून बघा.